ताजा प्रेसमड म्हणजे खत नव्हे

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 च्या सुमारास सुरू झाला. त्यामुळे प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) इथल्या शेतकऱ्याला नवा नाही. टनभर उसामागे तो साधारण 30 ते 40 किलो निघतो. ट्रॉली भरून आणली की खत मिळाले, असा समज मात्र सर्रास आढळतो. ताज्या प्रेसमडमध्ये साखरेचा अंश आणि मेण असते. तो कुजताना तापतो, शिवाय जिवाणू जमिनीतला नत्र स्वतःसाठी वापरतात आणि पीक काही काळ पिवळे पडू शकते. ताजे शेण रोपाच्या बुंध्याशी कोणी घालत नाही, तसेच हे.

म्हणून प्रेसमड आधी कुजवून त्याचे बायोकंपोस्ट (कुजवलेले खत) करतात. त्यासाठी त्याचे लांब ढीग रचून त्यावर स्पेंटवॉश (मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारे तपकिरी सांडपाणी) फवारतात आणि यंत्राने वरचेवर उलथतात. दीड-दोन महिने जातात. स्पेंटवॉशमध्ये पालाश भरपूर असते, पण तेच पाणी ओढ्यात गेले तर त्यातला प्राणवायू संपवते आणि झिरपले तर विहीर नासवते. म्हणून ढिगाखाली पक्की फरशी हवीच. तिथे काटकसर अजिबात नको.

तयार खत गार, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचे असते. ट्रॉली रिकामी करण्याआधी ढिगात हात घालून पाहा. आत गरम लागले, तर अजून थांबा.