विमा पाच लाखांचा, तरी खिशातून ९४ हजार : पॉलिसीतील संज्ञांचा अर्थ काय?

नवी दिल्ली : आरोग्य विमा घेताना ग्राहकाचे लक्ष बहुधा हप्ता आणि विमा रक्कम या दोन आकड्यांकडे असते. प्रत्यक्ष दाव्याच्या वेळी हाती किती रक्कम पडणार, हे मात्र पॉलिसीतील इतर काही संज्ञांवर ठरते. विमा रक्कम ही वर्षभरात मिळू शकणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा असते. प्रत्येक बिल पूर्ण भरले जाईल अशी ती हमी नव्हे.

खोलीभाड्याची मर्यादा

अनेक पॉलिसींमध्ये रुग्णालयातील खोलीच्या दैनिक भाड्यावर विमा रकमेच्या एक टक्क्यासारखी मर्यादा असते. पाच लाखांच्या विम्यात ही मर्यादा ५ हजार रुपये होते. रुग्णाने १० हजारांची खोली घेतल्यास केवळ भाड्यातील फरक भरून भागत नाही. खोलीच्या श्रेणीनुसार दर बदलणाऱ्या रुग्णालयात शस्त्रक्रियागृह, डॉक्टरांचे शुल्क आदी खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्याने, मंजूर होऊ शकतो. यालाच प्रमाणशीर कपात म्हणतात. औषधे, शरीरात बसवलेली उपकरणे, निदान चाचण्या आणि अतिदक्षता विभागाच्या शुल्काला ही कपात लागू होत नाही.

समजा, चार दिवसांचे खोलीभाडे ४० हजार, शस्त्रक्रिया व डॉक्टरांचे शुल्क १ लाख २० हजार आणि औषधे व चाचण्या ६० हजार, असे एकूण बिल २ लाख २० हजार रुपये झाले. कपातीनंतर अनुक्रमे २० हजार, ६० हजार आणि ६० हजार, म्हणजे १ लाख ४० हजार रुपये ग्राह्य धरले जातील. पॉलिसीत १० टक्के को-पे असल्यास आणखी १४ हजार वजा होतील. कंपनी १ लाख २६ हजार देईल आणि उर्वरित ९४ हजार रुपये रुग्णाला भरावे लागतील.

को-पे आणि डिडक्टिबल

को-पे म्हणजे प्रत्येक ग्राह्य दाव्यातील ग्राहकाचा ठरावीक टक्के वाटा. डिडक्टिबल ही ठरावीक रक्कम असून तेवढा खर्च ग्राहकाने सोसल्यानंतरच कंपनीची जबाबदारी सुरू होते. टॉप-अप पॉलिसीत ही रक्कम सामान्यतः प्रत्येक वेळच्या उपचारासाठी स्वतंत्र मोजली जाते, तर सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराच्या एकूण खर्चावर मोजली जाते. ५ लाख डिडक्टिबल असताना वर्षात ४ लाखांची दोन बिले झाल्यास पहिल्या प्रकारात काहीच मिळत नाही, दुसऱ्यात ३ लाखांपर्यंत भरपाई मिळू शकते.

प्रतीक्षा कालावधी

नव्या पॉलिसीत सर्वसाधारणपणे पहिल्या ३० दिवसांत अपघात वगळता अन्य उपचारांचा खर्च मिळत नाही. आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी कमाल ३६ महिन्यांचा असू शकतो. २०२४ मध्ये तो ४८ महिन्यांवरून कमी करण्यात आला. सलग ६० महिने संरक्षण राहिल्यास माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक हा मात्र अपवाद आहे. हा मोरॅटोरियम कालावधी होय.

वाहन आणि मालमत्ता

वाहन विम्यातील आयडीव्ही म्हणजे घसारा वजा करून ठरवलेले वाहनाचे विमा मूल्य. चोरी किंवा संपूर्ण हानी झाल्यास भरपाई याच मूल्यावर ठरते. हप्ता वाचवण्यासाठी आयडीव्ही कमी ठेवल्यास भरपाईही घटते.

मालमत्तेचा विमा तिच्या मूल्यापेक्षा कमी रकमेचा असेल, तर त्याला अपुरा विमा म्हणतात. २० लाखांच्या मालाचा १० लाखांचाच विमा असताना आगीत ४ लाखांचे नुकसान झाल्यास भरपाई साधारण निम्मीच मिळू शकते.

ग्राहकाचे हक्क

पॉलिसीसोबत मिळणाऱ्या ग्राहक माहिती पत्रकात या अटी संक्षेपाने दिलेल्या असतात. त्या मान्य नसल्यास आरोग्य पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. दाव्याबाबतची तक्रार प्रथम कंपनीकडे करावी. तिने महिनाभरात उत्तर न दिल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते.