कावीळ उतरवायची की शोधायची?

आमच्या गल्लीतल्या काकूंचे डोळे गेल्या पावसाळ्यात पिवळे झाले. झालं! सगळ्यांनी निदान करून टाकलं, कावीळ. माळ घालून झाली, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन झाले. पण अंगाला खाज सुटली, रात्र रात्र झोप नाही. मी विचारलं, "काकू, शौचाचा रंग कसा आहे?" त्या लाजल्याच. आपण बायका हे बोलतच नाही ना! मग हळूच म्हणाल्या, "पांढरट, मातीसारखा गं. आणि लघवी कोऱ्या चहासारखी."

मैत्रिणींनो, ही खूण लक्षात ठेवा. यकृतातलं पित्त एका नळीतून आतड्यात उतरतं. तिच्यात खडा अडकला किंवा स्वादुपिंडाच्या गाठीचा दाब आला, की पित्त तुंबतं आणि रक्तात मिसळतं. तिथे माळ काय करणार?

जिल्ह्याच्या गावी रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे होते, नळीही फुगलेली; पण तिचं खालचं टोक गॅसमुळे दिसेना. म्हणून एमआरसीपी. नाव ऐकूनच काकू घाबरल्या. खरं तर यात पोटात काही घालत नाहीत. काही तास उपाशी राहून एमआरआयच्या यंत्रात निजायचं. पेसमेकर असेल तर आधी सांगायचं, अंगावरचा धातू काढायचा. काकूंना मंगळसूत्र काढायचंच जास्त जड गेलं!

नळीत खडे दिसले, तेव्हा ईआरसीपी. तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेतात, नळीत औषध सोडून एक्स-रे घेतात आणि नळीचं तोंड किंचित कापून खडा काढतात. १९७४ पासून ही सोय आहे. पूर्वी नुसत्या निदानासाठीही ईआरसीपी करत. पण तिच्यामुळे शंभरातल्या काही जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते, म्हणून आता ती मुख्यतः उपचारासाठीच करतात. 'फक्त बघायला' करू म्हणाले, तर एमआरसीपीने किंवा दुर्बिणीतल्या सोनोग्राफीने भागेल का, हे जरूर विचारा.

काकूंचा एक मोठा खडा निघेना. पित्त वाहतं राहावं म्हणून नळीत प्लास्टिकचा स्टेंट ठेवला आणि तीन महिन्यांनी यायला सांगितलं. कावीळ गेली, खाज गेली. "आता कशाला खर्च?" म्हणून काकू गेल्याच नाहीत. पाचव्या महिन्यात हुडहुडी भरून ताप, डोळे पुन्हा पिवळे. स्टेंट तुंबला होता. रात्री जीप करून न्यावं लागलं, तेव्हा कुठे वाचल्या.

स्टेंट बदललाय. पुढची तारीख त्यांच्या सुनेने कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलीये, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारीच. आणि एक माझ्याही कॅलेंडरवर.