काडेपेटीची आगगाडी

दौंडमधील एका अंगणात आम्ही मुलांचा आगगाडीचा खेळ पाहत होतो. रिकाम्या काडेपेट्या दोऱ्याने एकामागे एक बांधलेल्या. पुढे औषधाची बाटली, ते इंजिन. गाडी उंबऱ्याशी थांबली. एका मुलीने बाटली सोडली, शेवटच्या डब्याला बांधली आणि गाडी उलट दिशेने ओढायला सुरुवात केली. कारण विचारले तर म्हणाली, "मनमाडला चाललीय ना!"

पुण्याहून आलेल्या गाडीला मनमाडच्या मार्गाला लागायचे तर दौंड जंक्शनवर दिशा बदलावी लागते. एका टोकाचे इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडतात. (कॉर्ड मार्ग झाल्यापासून काही गाड्यांची यातून सुटका झाली आहे.) मुलीच्या गाडीला चाके नव्हती, खिडक्या नव्हत्या, रूळही नव्हते. पण दौंडची खरी खूण तिने सोडली नव्हती.

विज्ञानातील प्रतिकृती याहून वेगळी असते का? वायूचे रेणू समजावताना आपण डब्यात गोट्या हलवून दाखवतो. गोटीचा रंग, तिची काच यांच्याशी आपल्याला कर्तव्य नसते. गती आणि टक्कर एवढेच हवे असते. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवणे, यातच विचार आहे.

मुलांना खरे-खोटे कळत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. दगडाचा बैल करणारे मूल त्याच्यापुढे गवत टाकते, पण दगडाने ते खाल्ले नाही म्हणून रडत बसत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगोट्स्की यांनी १९३३ मधील एका व्याख्यानात काठीच्या घोड्याचे उदाहरण घेतले आहे. काठीवर स्वार झालेल्या मुलाच्या मनात 'घोडा' हा अर्थ खऱ्या घोड्यापासून सुटा होतो. मात्र कोणतीही वस्तू चालत नाही. काठीचा घोडा होतो, पोस्टकार्डाचा होत नाही, कारण त्यावर बसता येत नाही. पुढे फळ्यावरच्या चार अक्षरांत आगगाडी नसतानाही ती 'वाचायची' असते, बीजगणितात 'क्ष' ला संख्या मानायचे असते. त्याची पूर्वतयारी अंगणात होते, आणि तिला कोणी शिक्षक लागत नाही.

हे आम्हाला फार उशिरा उमगले. शिरूर तालुक्यात दिवाळीनंतर ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. त्यांच्यातला एक मुलगा काही महिने आमच्या वर्गात होता. वाचनात कच्चा. एकदा तो तासाला बाकाखाली ज्वारीच्या धाटांची बैलगाडी करत बसलेला सापडला. चाके चपलेच्या तळव्याची, लोखंडी तारेचा आस, वर भार म्हणून उसाची चिपाडे. आम्ही ती काढून घेतली आणि कपाटात टाकली.

आठवड्याभराने तरफ शिकवताना कपाट उघडले, तेव्हा ती गाडी हाती आली. चिपाडे सारखी पसरलेली नव्हती. भार मागे जास्त झाला की गाडी उलाळते, म्हणजे जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर येतो. मुलाने आसाच्या थोडे पुढे भार ठेवून जू अलगद टेकेल असे साधले होते, आणि चिपाडे हलू नयेत म्हणून दोऱ्याने बांधली होती.

गाडी घेऊन आम्ही वर्गात त्याच्या बाकापाशी गेलो. बाक रिकामा होता. त्या भागातला ऊस संपल्याने टोळी आदल्या दिवशीच पुढच्या फडावर गेली होती.