घरातला बेगोनिया



आपल्या शाळेच्या ऑफिसच्या खिडकीत तीन लहान कुंड्या आहेत. त्या तुम्ही रोज पाहता. मधल्या सुट्टीत पुष्कळ मुले मला विचारतात, "हे कशाचं झाड गं? याला फळ येतं का?" पहिलीतल्या एका मुलाने तर विचारले, "ताई, ही पानं कुणी रंगवली?" म्हणून मी हा लेख लिहीत आहे.

या झाडाचे नाव बेगोनिया. त्याची पाने कुणी रंगवलेली नाहीत, ती तशीच असतात. कडेला गर्द हिरवा रंग, मध्ये चांदीसारखा पट्टा आणि पान उलटे केले की खालून लाल. पान नीट बघा म्हणजे एक गंमत दिसेल. पिंपळाचे पान मधोमध दुमडले तर दोन्ही बाजू सारख्या येतात. बेगोनियाच्या पानाची एक बाजू मोठी आणि दुसरी लहान असते. पान वाकडे दिसते. बेगोनिया ओळखायची हीच मोठी खूण आहे.

बेगोनिया हे नाव एका माणसावरून पडले आहे. सुमारे ३०० वर्षांपूर्वी फ्रान्स देशात मिशेल बेगाँ नावाचे एक अधिकारी होते. त्यांना झाडांची आवड होती. शार्ल प्लुमिए नावाचे एक फ्रेंच धर्मगुरू होते. ते अमेरिकेजवळच्या बेटांवर झाडे शोधत फिरले. त्यांनी एका झाडाला बेगाँ साहेबांचे नाव दिले. पुढे १७५३ साली लिनियस या शास्त्रज्ञाने आपल्या मोठ्या पुस्तकात तेच नाव ठेवले. आणि गंमत म्हणजे आपल्या देवळापुढचा जो चाफा आहे, त्याचे शास्त्रीय नाव प्लुमेरिया आहे. ते या प्लुमिएंच्या नावावरून पडले. म्हणजे चाफा आणि बेगोनिया यांची अशी ओळख निघाली!

जगात बेगोनियाच्या २००० हून जास्त जाती आहेत. अमेरिका, आफ्रिका आणि आशिया या खंडांतल्या उष्ण व दमट भागांत त्या उगवतात. आपल्या खिडकीतला बेगोनिया रेक्स जातीचा आहे. रेक्स म्हणजे राजा. ही जात आपल्याच देशातल्या आसामच्या डोंगरांकडची. तिच्यापासून माळ्यांनी नाना रंगांची पाने असलेली झाडे तयार केली.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे बेगोनिया नाही का? आहे! आपल्या सह्याद्रीत रानबेगोनिया उगवतो. पावसाळ्यात घाटाच्या वाटेने गेलात तर ओल्या खडकाच्या कपारीत वाकड्या पानांची बुटकी झाडे दिसतील. त्यांना फिकट गुलाबी फुले येतात. पाऊस संपला की झाड वाळून जाते. पण त्याचा लहान गड्डा मातीत झोपून राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा जागा होतो. तो उपटून घरी आणू नका. त्याला खडकच पाहिजे.

हा खडक नीट लक्षात ठेवा. खडकावर पाणी सारखे ठिबकते, पण साचून राहत नाही. लगेच खाली वाहून जाते. हवा दमट असते. वर झाडांची सावली असते, पण उजेडही येतो. बेगोनियाला घरात हेच सगळे द्यायचे असते. मला हे आधी माहीत नव्हते, म्हणून माझ्या हातून मोठी चूक झाली. ती पण सांगते.

आधी खिडकीत एकच कुंडी होती. ती आमच्या बाईंची होती. यंदाच्या जूनमध्ये बाईंची बदली झाली. जाताना त्यांनी कुंडी आमच्या वर्गाला दिली. मी वर्गाची बागमंत्री आहे, म्हणून ती माझ्याकडे आली. बाई म्हणाल्या, "नीट सांभाळ हं." मी मनात ठरवले की झाडाला काही कमी पडू द्यायचे नाही. मी रोज सकाळी एक तांब्या पाणी घालायची आणि शाळा सुटताना आणखी एक तांब्या. पावसाळ्याचे दिवस होते. माती वाळतच नव्हती. कुंडीखालच्या ताटलीत पाणी भरून राहायचे, तरी मी घालतच होते.

आषाढात पाने माना टाकू लागली. मला वाटले पाणी कमी पडले. मी अजून घातले. मग देठ मऊ पडले आणि मातीला कुबट वास येऊ लागला. मला फार भीती वाटली. दोन दिवस मी कुणाला सांगितले नाही. कुंडी कपाटामागे लपवून ठेवली. रात्री जेवण जाईना, तेव्हा आजीने विचारले आणि मला रडू आले. सगळे ऐकून आजी म्हणाली, "अगं पोरी, ते काय भाताचं रोप हाय व्हय, चिखलात उभं राहायला? त्याच्या मुळ्यांना वारा नको का? जा, उद्या गुरुजींना खरं सांग."

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या गुरुजींना सांगितले. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी कुंडी उलटी करून झाड बाहेर काढले. मुळे काळी झाली होती. मातीलगतचे आडवे जाड खोड आल्यासारखे असते, ते कुजून चिखलासारखे झाले होते. गुरुजी म्हणाले, "मुळांनाही हवा लागते. मातीत पाणी भरून राहिलं की मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं माना टाकतात. तुला वाटलं झाड तहानलेलं आहे, आणि ते तर बुडत होतं." मला फार वाईट वाटले. पण दोन पाने अजून टवटवीत होती. गुरुजी म्हणाले, "ही टाकू नकोस. यांच्यातून झाड करू."

पानापासून झाड करायची रीत अशी आहे :

तेलाच्या रिकाम्या डब्याचा तळाकडचा भाग कापून घ्यावा. हे काम मोठ्या माणसांकडून करून घ्यावे. तळाला भोके पाडावीत. त्यात धुतलेली जाड वाळू भरून ओली करावी. पान उलटे करून त्याच्या जाड शिरांना स्वच्छ ब्लेडने चारपाच ठिकाणी लहान काप द्यावेत. तेही गुरुजींनी दिले. मग पान सुलटे करून वाळूवर ठेवावे आणि वर छोटे खडे ठेवावेत, म्हणजे कापलेल्या शिरा वाळूला टेकून राहतात. वरून पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी सैल घालावी आणि तिला दोनचार भोके ठेवावीत. डबा उजेडात ठेवावा, पण उन्हात ठेवू नये. वाळू नुसती ओलसर राहिली पाहिजे.

आमचे एक पान आठ दिवसांत सडले. दुसरे तसेच राहिले. मी रोज बघायची, पण काहीच दिसेना. श्रावण आला, नागपंचमी झाली, पोळाही झाला. मुले मला चिडवू लागली, "मंत्रीबाई, तुमचं पान झोपलंय." गणपतीच्या सुट्टीनंतर मी शाळेत आले आणि पिशवीत डोकावले, तर एका कापाजवळ मसुराच्या डाळीएवढे पान वर आले होते! मी ओरडतच गुरुजींकडे गेले. पुढे पाच कापांतून पाच रोपे आली. दोन मेली, तीन जगली. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही ती कुंड्यांत लावली. त्याच या तीन कुंड्या.

आता बेगोनियाची काळजी कशी घ्यावी ते सांगते.

जागा : घरात खिडकीजवळ किंवा ओसरीवर ठेवावा. उजेड भरपूर हवा, पण दुपारचे ऊन नको. उन्हाने पाने करपतात. कोवळे सकाळचे ऊन थोडे चालते. अगदी अंधारात ठेवला तर देठ लांब व बारीक होतात आणि पानांचा रंग उडतो. पत्र्याखाली फार तापते, तिथे ठेवू नये. चुलीच्या धुराजवळही ठेवू नये.

कुंडी व माती : कुंडीला तळाशी भोक पाहिजेच. भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी निघून जाते. कुंडी फार मोठी घेऊ नये. मोठ्या कुंडीत माती जास्त असते आणि ती लवकर वाळत नाही. मुळे खोल जात नाहीत, म्हणून उथळ कुंडी चांगली. एक भाग बागेतली माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा पाल्याचे खत आणि एक भाग जाड वाळू घ्यावी. नुसती काळी माती घालू नये. ती चिकट होऊन पाणी धरून ठेवते.

पाणी : हे सर्वांत महत्त्वाचे. वार ठरवून पाणी घालू नये. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालून बघावे. ओले लागले तर परत जावे. कोरडे लागले तर सकाळी पाणी घालावे आणि खालच्या भोकातून थेंब पडले की थांबावे. ताटलीत आलेले पाणी ओतून टाकावे. पाणी मातीवर घालावे, पानांवर नको. उन्हाळ्यात पाणी लवकर लागते, पावसाळ्यात व थंडीत उशिरा लागते. पण खरे काय ते बोटच सांगते.

दमट हवा : उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की पानांच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत होतात. तेव्हा एका ताटात खडे घालून थोडे पाणी भरावे आणि खड्यांवर कुंडी ठेवावी. कुंडीचा तळ पाण्याला लागता कामा नये. पाण्याची वाफ होऊन झाडाभोवतीची हवा दमट राहते.

खत : वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा शेणखताचे गाळलेले पाणी घालावे. ते कोऱ्या चहाइतके पातळ असावे.

रोग : पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी समजावी. आपल्या वेलवर्गीय भाज्यांवरही भुरी पडते. अशी पाने काढून टाकावीत आणि कुंडी मोकळ्या हवेत ठेवावी. देठाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे काही दिसले तर तो पिठ्या ढेकूण असतो. तो ओल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढावा.

आणखी एक सांगायचे राहिले. बेगोनियाला नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी असतात, पण दोन्ही एकाच झाडावर येतात. फुलाच्या मागे पंख असलेली छोटी हिरवी किंवा गुलाबी पेटी दिसली की ते मादी फूल. त्या पेटीत बी तयार होते. बी इतके बारीक असते की फुंकर मारली तर उडून जाते. म्हणून पानापासून रोप करणे आपल्याला सोपे पडते. काही बेगोनियांचे खोड बांबूसारखे पेराचे असते. त्यांची फांदी पाण्याच्या पेल्यात ठेवली तरी मुळे फुटतात.

लहान मुलांनी पाने व गड्डे तोंडात घालू नयेत. कुत्र्यामांजरांनाही त्यांचा त्रास होतो, म्हणून कुंडी उंचावर ठेवावी.

मागच्या आठवड्यात गुरुजी तालुक्याला मीटिंगला गेले होते. तिथे त्यांना बाई भेटल्या. गुरुजींनी त्यांना सगळे सांगितले. मी लपवून ठेवले होते तेही सांगितले. बाईंनी निरोप पाठवला आहे, "एक कुंडी मला हवी. पण तिनेच आणून द्यावी." आता पुढच्या महिन्यात मी बाबांबरोबर जाणार आहे. तीनपैकी सर्वांत चांगली कुंडी मी बाईंसाठी ठेवली आहे.

उरलेल्या दोन झाडांची पाने मोठी झाली की ज्याला लावायची असतील त्याने माझ्याकडे यावे. मी पान देईन. पण आधी कुंडीत बोट घालून माती ओली की कोरडी ते सांगावे लागेल. बरोबर सांगेल त्यालाच पान मिळेल!

— इयत्ता चौथी, बागमंत्री