डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे विंचूदंशावरील संशोधन

डॉ. हिंमतराव साळुबा बावस्कर हे लाल विंचवाच्या दंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे भारतीय वैद्यक आहेत. त्यांचा जन्म मराठवाड्यातील जालना जिल्ह्यात देहेड येथे झाला. १९७६ मध्ये ते महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

लाल विंचवाच्या विषात पेप्टाइडे, म्हणजे लहान प्रथिने असतात. चेतापेशीच्या आवरणातील सोडियमचे सूक्ष्म मार्ग क्षणभर उघडून लगेच मिटतात. विषातील काही पेप्टाइडे ते मिटू देत नाहीत. परिणामी चेतातंतू सतत उद्दीपित राहतात, अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात लोटली जातात, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि थकलेल्या हृदयामुळे फुफ्फुसांत पाणी साचते. रुग्ण वेदनेने नव्हे, यामुळे दगावतो.

हृदयविकाराची पूर्वलक्षणे बावस्करांनी १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये मांडली. रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध त्यांनी दंशावर वापरले; त्याचे निष्कर्ष पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह १९८६ मध्ये तेथेच प्रसिद्ध झाले. गोळी असल्याने ते खेड्यातही देता येते, हे विशेष महत्त्वाचे. प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, असे २०११ च्या चाचणीत दिसले.

याच विंचवाच्या विषातील आयबेरिओटॉक्सिन हे पेप्टाइड पेशींतील पोटॅशियम मार्गांच्या अभ्यासात वापरले जाते.