इंजिन माउंटिंगची झीज

माळशिरस तालुक्यातील वेळापूरचा कडक उन्हाळा मोटारीच्या रबरी भागांना मानवत नाही. इंजिनाचे माउंटिंग, म्हणजे इंजिन सांगाड्याला धरून ठेवणारा धातू व रबराचा आधार, हा त्यांपैकीच एक. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर नुसते चालू असतानाही सेकंदाला सुमारे 27 ज्वलनांचे हादरे देते आणि ते माउंटिंगमधील रबर शोषून घेते. उष्णतेने व तेलगळतीने ते ताठरले किंवा भेगाळले, की स्टिअरिंग थरथरते आणि क्लच सोडताना ‘ठक्’ असा आवाज येतो. मात्र केवळ थरथर हा पुरावा नव्हे, कारण सदोष स्पार्क प्लगमुळेही ती होते. म्हणून बॉनेट उघडून जाणकाराकडून इंजिनाची हालचाल तपासून घ्यावी.

माउंटिंग बदलताना चेंबरखाली, म्हणजे तेलाच्या टाकीखाली, लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिनाचा भार पेलावा, एका वेळी एकच माउंटिंग काढावे आणि इंजिन नव्या आधारावर बसल्यानंतरच बोल्ट माहितीपुस्तिकेतील मापाने आवळावेत. एक माउंटिंग निकामी असेल, तर उर्वरितही त्याच वेळी तपासावीत.