सापळ्यातला पतंग कुणाचा? पोटातला लाल रंग सांगतो

कापसात कामगंध सापळा लावला, की सकाळी त्यात किती पतंग पडले हे शेतकरी मोजतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर फवारणीची वेळ झाली, असं समजायचं. पण हे पतंग आपल्याच रानातले की शेजारच्या फरदडीतून उडत आलेले, हे सापळा सांगत नाही. गुलाबी बोंडअळीचा पतंग जेमतेम एक सेंटिमीटरचा. जनावरासारखा त्याच्या कानाला बिल्ला मारता येत नाही.

अमेरिकेत यावर युक्ती निघाली. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात हे पतंग दक्षिणेकडून वाऱ्यासोबत यायचे. म्हणून १९६८ पासून तिथे कारखान्यात वाढवलेले, किरणोत्सर्गाने वांझ केलेले पतंग विमानातून सोडू लागले. वांझ पतंगाशी मिलन झालं की मादीची अंडी उबत नाहीत. पण सापळ्यात रानातले आणि सोडलेले, दोन्ही पडणार. मग ओळखायचं कसं?

तर अळीच्या खाद्यातच तेलात विरघळणारा लाल रंग घालतात. तो चरबीत मुरतो आणि कोषातून पतंग बाहेर आला तरी अंगात राहतो. वरून पतंग नेहमीसारखाच मातकट. पोट दाबलं की लाल दिसतं. लाल निघाला तर सोडलेला, नाही तर रानातला. बिगर-लाल पतंग ज्या भागात जास्त, तिथे वांझ पतंग वाढवायचे.

अंगावर चमकणारी पूडही टाकतात, अतिनील दिव्याखाली ती दिसते. पण ती झडते, सापळ्यात एकाची दुसऱ्याला लागते. मित्रकीटकांसाठी तर पिकावर चक्क अंड्याचा पांढरा बलक फवारतात. त्यावरून चाललेला किडा नंतर दुसऱ्या शेतात सापडला, तर प्रयोगशाळेत तो ओळखू येतो.

नुसत्या रंगाने अळी गेली नाही, हेही खरं. बीटी कापूस, कामगंध, वेळेवर पऱ्हाट्या काढणं, सगळं सोबत चाललं. २०१८ मध्ये अमेरिकेतला कापूस या अळीपासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्याच्या आदल्याच वर्षी विदर्भ-मराठवाड्यात हिनेच बोंडं पोखरली होती.

आपल्या सापळ्यातल्या पतंगाच्या पोटात रंग नसतो, त्यामुळे तो कुठून येऊ शकतो ती जागाच धरावी लागते. जिनिंग मिलच्या आवारात सापळे लावायला सांगतात ते याचसाठी. सरकीतून निघालेला पतंग शिवारात पोचण्याआधी तिथेच अडकावा.